चाक ब्रेकनं थांबतं, गाडी टायरनं

शेलूबाजार हे मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. समृद्धी महामार्गाचा एक इंटरचेंज इथं आहे. नागपूरकडून ताशी १२० किलोमीटरनं आलेली गाडी डावीकडची मार्गिका धरते, वळणावर वेग तोडते आणि टोलनाक्यापाशी उभी राहते. चालक फास्टॅग वाजण्याची वाट बघत असतो. आपण नुकतीच चाकांमध्ये एक भट्टी पेटवून विझवली, हे त्याच्या गावीही नसतं.

हिशेब साधा आहे. गाडी आणि आतली माणसं मिळून वजन १,२०० किलो धरलं, तर १२० च्या वेगात सुमारे ६ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. आकडा डोक्यात बसत नसेल, तर चहाचं पातेलं डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्यातलं नळाचं दोन लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. गॅसवर त्याला काही मिनिटं लागतात. अचानक ब्रेक मारायची वेळ आली, तर ब्रेकला ते काम चार-पाच सेकंदांत उरकावं लागतं.

ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. ब्रेक वेगाची उष्णता करतो आणि ती हवेत सोडतो. गाडीचे ब्रेक निवडण्याचा, बदलण्याचा किंवा ‘अपग्रेड’ करण्याचा प्रत्येक निर्णय शेवटी दोन प्रश्नांवर येऊन ठेपतो: उष्णता किती होते आणि ती जाते कुठं? ज्याला ही दोन उत्तरं ठाऊक आहेत, त्याला दुकानदार लाल रंगाचा कॅलिपर सहजासहजी गळ्यात मारू शकत नाही.

पकड कुणाची?

आधी एक गैरसमज दूर करू. मोठा ब्रेक बसवला की गाडी कमी अंतरात थांबते, असं बहुतेकांना वाटतं. ब्रेकच्या कॅलिपरमधले पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पकडतात, म्हणजे ब्रेक धरतो चाकाला. गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो तो टायर, आणि त्याचा रस्त्याशी संपर्क असतो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. अशा चार तळहातांवर सगळी गाडी थांबायची असते.

कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.८ धरतात. त्या हिशेबानं ताशी ६० वरून गाडी १८ मीटरांत थांबते आणि १२० वरून ७१ मीटरांत. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. त्यात माणसाचा उशीर मिळवा. समोरचं संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर १२० च्या वेगात तेवढ्यात ५० मीटर संपतात. एकूण १२१ मीटर: कबड्डीची नऊ मैदानं लांबीनं एकापुढं एक मांडली, तर जवळपास एवढं अंतर होईल. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्म्यावर आली, तर त्यातले ब्रेकिंगचे ७१ मीटर दुप्पट होतात.

आपल्या गाडीचा ब्रेक पुरेसा आहे का, हे तपासायची एक सोपी खूण आहे. मोकळा, सरळ, कोरडा रस्ता बघा, मागं कुणी नाही याची खात्री करा आणि ५० च्या वेगात पेडल एकदम जोरात दाबून धरा. पायाखाली थरथर जाणवली तर ते एबीएस. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. एबीएस जागं झालं, याचा अर्थ ब्रेकनं टायरची सगळी पकड वापरून संपवली. आता त्याहून मोठी डिस्क बसवून ते थांबणं वीतभरही कमी होणार नाही.

या थरथरीला घाबरून पुष्कळ जण पाय उचलतात. उचलू नये. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं. रात्री मंगरूळपीर-कारंजा रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आला किंवा मागं दिवा नसलेली कापसाची ट्रॉली अचानक समोर दिसली, तर दाबून धरायचं आणि वळायचं, दोन्ही एकाच वेळी.

तेव्हा साध्या रस्त्यासाठी ब्रेकचं पहिलं अपग्रेड टायरच्या दुकानात मिळतं. नक्षीची खोली कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर हवी, पण पावसाळ्यात त्याच्या पुष्कळ आधी टायर बदललेला बरा. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. तिथं २३२२ असेल, तर तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत आहे म्हणून दहा वर्षांचा टायर वापरणं आणि वर महागडे पॅड लावणं, हे भिंतीला भेगा असताना रंग देण्यासारखं आहे.

घाटात पेडल बोलतं

मग मोठे ब्रेक असतात कशासाठी? पहिल्यांदा थांबण्यासाठी कुठलाही बरा ब्रेक चालतो. दहाव्यांदा, विसाव्यांदा तसंच थांबता यावं, यासाठी मोठा ब्रेक लागतो.

वऱ्हाडातल्या माणसाला हा धडा चिखलदरा शिकवतो. ते सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथून परतवाड्याकडं उतरताना गाडी साधारण सातशे मीटर खाली येते. १,२०० किलोच्या गाडीसाठी हे ८२ लाख ज्यूल होतात, म्हणजे १२० वरून डझनभर वेळा कडकडून थांबण्याएवढं काम. यातला काही वाटा हवा आणि इंजिन उचलतं. इंजिनला किती उचलू द्यायचं, हे मात्र चालकाच्या हातात असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम अजूनही बरोबर आहे. अकोला-वाशिम रस्त्यावरचा पातूरचा घाट त्या मानानं लहान, पण नियम तोच. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक इंजिनचा वाटाही ब्रेकवर टाकतो. इंजिन बंद करून सोडली, तर ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक तापून कमजोर होतो, त्याला फेड म्हणतात. तो दोन तऱ्हांचा असतो आणि दोन्ही वेळा पेडल वेगळं सांगतं. पहिल्यात पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पाय पूर्ण जोर लावतो, पण गाडी ऐकत नाही आणि करपल्याचा वास येतो. इथं पॅड आपल्या झेपेच्या पलीकडं तापलेला असतो आणि त्याचं घर्षण घसरलेलं असतं. दुसऱ्यात पेडल मऊ पडतं आणि पाय थेट तळाला जातो. इथं ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे सगळा जोर बुडबुडे चेपण्यातच जातो. पहिला फेड आधी इशारा देतो. दुसरा बहुधा वळणावरच कळतो.

मागच्या चाकांना ड्रम असेल, तर आणखी एक अडचण. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब सरकतो आणि उष्णता आतच कोंडून राहते. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो. डिस्कची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. तिची किंमत जगाला पटली ती १९५३ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर धावलेल्या जग्वार सी-टाइपनं ती शर्यत जिंकली. ड्रमवाल्या गाड्यांना ब्रेक जपून वापरावा लागत होता, तेव्हा जग्वारचे चालक वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक दाबत होते, आणि चोविसाव्या तासालाही तसाच दाबू शकत होते.

अर्ध्या लिटरचा प्रश्न

आता गॅरेजात जाऊ. ब्रेक ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसतो, दुसरा चाकापाशी उकिडवा. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत बुडवलेलं असतं. खालून आवाज येतो, “मार… मार… मार… दाबून धर!” वरचा पेडल दाबून धरतो, खालचा पाना फिरवून निपल सैल करतो, नळीतून ऑइल सुटतं आणि पेडल तळाला बसतं. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर नळीतली हवा आत शिरते. चार-पाच वेळा हे झालं की बाटलीत काय जमलं ते बघावं. नवं ऑइल पिवळसर, जवळजवळ पाण्यासारखं असतं. जुनं काळ्या चहासारखं निघतं.

“भाऊ, हे कवा बदललं होतं?” मिस्त्री विचारतो.

“ते बी बदला लागते काय?” हेच उत्तर बहुतेकांचं असतं.

लागतं. ब्रेक ऑइल पाणी ओढतं. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून हवेतला ओलावा महिनोन्‌महिने आत झिरपतो आणि ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. डब्यावर डॉट-३, डॉट-४, डॉट-५.१ असे शब्द असतात, ते या उत्कलनबिंदूचेच दर्जे. डॉट-३ चं कोरडं, ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शिरल्यावर १४० ला. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट-५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे ओलसर डॉट-५.१ ची ऐपत ताज्या डॉट-३ पेक्षाही कमी. भारी डबा एकदा ओतून पाच वर्षं विसरणाऱ्यापेक्षा साधं ऑइल दर दोन वर्षांनी बदलणारा शहाणा. डॉट-५ हा प्रकार वेगळाच आहे. ते सिलिकोनचं असतं, इतरांत मिसळत नाही आणि आपल्या रोजच्या गाड्यांत ते टाकू नये. नावावरून ५.१ चा भाऊ वाटतो, पण नातं नाही.

साऱ्या गाडीत हे ऑइल असतं अर्धा ते एक लिटर. ब्रेकच्या कामात खर्चाच्या मानानं सगळ्यात मोठा फायदा याच डब्यात आहे.

चाक निघालेलंच असेल, तर आणखी एक गोष्ट करून घ्यावी. सध्याच्या बहुतेक लहान गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. इथल्या धुळीनं आणि वाळलेल्या ग्रीसनं त्या अडकतात. मग एका बाजूचा पॅड झिजून पत्र्याला टेकतो आणि दुसरा जवळजवळ नवा राहतो. गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढते ती पुष्कळदा यामुळेच. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं, की ‘अपग्रेड’ मागायला आलेली निम्मी गाडी तिथंच बरी होते.

पॅडच्या कडेवरची दोन अक्षरं

पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या अक्षरांकडं फार कमी जण बघतात. पुष्कळ पॅडवर त्या मजकुराच्या शेवटी इंग्रजी मुळाक्षरांची जोडी असते: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं जास्त तापमानातलं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्यावरच्या गाडीला एफएफ सहसा पुरेसा ठरतो. एफई दिसला तर समजावं, तापल्यावर हा गडी ढिला पडणार. ही अक्षरं टिकाऊपणा, आवाज किंवा पाण्यातली पकड सांगत नाहीत. ती फक्त प्रयोगशाळेतलं घर्षण सांगतात. तरी ‘स्पोर्ट’ या शब्दापेक्षा ती जास्त खरं बोलतात.

शर्यतीचा पॅड रस्त्यावर का लावू नये, हा प्रश्न नेहमी येतो. असा पॅड गरम झाल्यावरच नीट चावतो. जानेवारीतल्या पहाटे मंगरूळपीरहून अकोल्याला निघालात आणि गल्लीच्या तोंडाशी सायकलवर पोरगं आडवं आलं, तर तेव्हा पॅड थंडगार असतो आणि त्याची पकड सगळ्यात कमी. शिवाय तो किंचाळतो, डिस्क खातो आणि त्याची काळी पूड चाकाच्या रंगात रुतते. रस्त्याचा पॅड पहिल्या दाबाला चावला पाहिजे. तो शेवटच्या वळणापर्यंत टिकावा, ही गरज ट्रॅकची.

नवा पॅड बसवला की त्याची डिस्कशी ओळख करून द्यावी लागते. याला बेडिंग म्हणतात. मोकळ्या रस्त्यावर ८० च्या आसपासच्या वेगावरून मध्यम जोरानं ब्रेक मारून वेग २०-३० पर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा करावं. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून सगळं निवू द्यावं. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढं प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग हलतं. लोक म्हणतात, “डिस्क वाकडी झाली.” पुष्कळदा डिस्क सरळच असते, तिच्यावर डाग पडलेला असतो.

ट्रॅकवरचा हिशेब

विदर्भाची जुनी शर्यत म्हणजे शंकरपट. तिथं ब्रेक नसतो, धुरकऱ्याच्या हातातला कासरा असतो, आणि रेषा ओलांडल्यावर बैलजोडीला दम टाकायला मोकळं रान लागतं. मोटारीच्या ट्रॅकवर असं रान नसतं. सरळ पट्टा संपला की लगेच वळण येतं.

हौशी माणसाला गाडी घेऊन जाता येईल असे देशातले तीन नावाजलेले ट्रॅक: ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास सर्किट. मंगरूळपीरहून तिन्हीकडं रस्त्यानं जायचं तर हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पल्ला. म्हणजे इथला माणूस ट्रॅकवर जी गाडी नेईल, तीच घेऊन त्याला घरी परतायचं असतं. ब्रेक निवडताना हा मुद्दा विसरू नये.

बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. एक फेरा पाच किलोमीटरहून थोडा जास्त, वळणं १६ आणि सर्वांत लांब सरळ पट्टा एक किलोमीटरहून मोठा. त्या पट्ट्याच्या शेवटी एखादी चपळ हॅचबॅक १८० च्या वेगानं आली आणि वळणासाठी ८० वर उतरली, तर एका दाबात सुमारे १२ लाख ज्यूल उष्णता होते. शेलूबाजारला आपण दोन लिटर पाणी उकळलं. इथं एका वळणावर साडेतीन लिटरांहून जास्त. असे लहानमोठे दाब एका फेऱ्यात अनेक, आणि साधी गाडीही फेरा काही मिनिटांत पुरा करून पुन्हा त्याच वळणावर येते.

हे डिस्कला कसं झेपतं, ते पाहू. ब्रेक मारताना वजन पुढं झुकतं, म्हणून साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात. पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलोच्या धरल्या, तर १२० वरून एकदा थांबताना त्यांचं तापमान जवळपास १०० अंशांनी चढतं. रस्त्यावर पुढच्या ब्रेकपर्यंत ती निवते. ट्रॅकवर निवायच्या आत पुढचं वळण येतं, आणि तापमान दर फेऱ्याला एक पायरी चढत जातं. म्हणून नवख्यानं ट्रॅकवर चार-पाच जोरकस फेरे मारावेत, मग एक फेरा ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश घ्यावा. परत आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवावी. ब्रेक निववायला हा सावकाश फेरा पुष्कळदा भारी डिस्कपेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि तो फुकट आहे.

कशानंतर काय

अपग्रेडची उतरंड उलटी रचली, तर मडकी फुटतात. खालपासून वर अशी जावी.

सगळ्यात खाली टायर, पिनांची सफाई आणि नवं डॉट-४. रोजच्या रस्त्यासाठी, समृद्धीसाठी आणि वर्षातून दोनदा चिखलदऱ्यासाठी इथं थांबलं तरी चालतं. त्यावर चांगल्या दर्जाचा पॅड, ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलानं घेतलेला. खोक्यावर मोठं नाव आणि आत भुसा, असा नकली माल ब्रेकच्या बाजारात कमी नाही.

ट्रॅकवर जायचं ठरलं, तर डॉट-५.१ किंवा शर्यतीचं उच्च उत्कलनबिंदूचं ऑइल जाण्याच्या आधी भरावं. ट्रॅकचे पॅड वेगळे ठेवून तिथं पोहोचल्यावर बदलावेत आणि निघताना रस्त्याचे पुन्हा बसवावेत. काम तासाभराचं आहे. स्टीलच्या विणीच्या नळ्या लावल्या, तर पेडलचा अंदाज नेमका येतो. रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते, ही फुगत नाही. थांबायचं अंतर मात्र त्यानं घटत नाही.

पुढची पायरी वाऱ्याची. बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवा नेणारी साधी नळीही मोठं काम करते, कारण हवेशीर डिस्क पंख्यासारखी मधून हवा ओढून कडेनं फेकते. भोकं पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते, पण ट्रॅकच्या उष्णतेत भोकांपासून भेगा निघतात. तिरप्या खाचांची डिस्क त्यापेक्षा बरी आणि साधी सपाट डिस्क बहुतेकांना पुरेशी. जुनी डिस्क लेथवर घासून घेण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचावी. पातळ डिस्क म्हणजे लहान पातेलं. तेवढीच उष्णता तिला लवकर तापवते.

सगळ्यात वर मोठ्या डिस्क आणि जास्त पिस्टनचे कॅलिपर. खालच्या सगळ्या पायऱ्या करूनही ब्रेक पुन्हापुन्हा फेड होत असेल, तरच त्यांची वेळ आली समजावं.

आणि तेव्हाही तोल सांभाळावा लागतो. पुढं मोठे पिस्टन बसवले आणि मास्टर सिलेंडर तोच ठेवला, तर पेडल लांब जातं आणि पुढची चाकं मागच्यांच्या फार आधी लॉक व्हायला लागतात. मागच्या टायरची पकड वाया जाते आणि थांबायचं अंतर उलट वाढतं. मागं जास्त जोर दिला, तर त्याहून वाईट. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गरकन फिरते. कारखान्यात हा तोल आणि एबीएसचा हिशेब एकमेकांना जुळवलेला असतो.

हा तोल आपली पोरंही शिकतात. कोइंबतूरला होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन उतरतात. तिथं ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं लॉक करून दाखवावी लागतात. एक जरी चाक फिरत राहिलं, तर पुढच्या फेऱ्यांना परवानगी नाही. गाडी किती पळते हे नंतर बघतात.

ब्रेकचा उद्योगही आपल्यापासून फार लांब नाही. कल्याणी ब्रेक्सनं जळगावात ब्रेक बनवले. ती कंपनी पुढं बॉशकडं गेली आणि बॉश चॅसिस सिस्टिम्स इंडिया झाली. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमधली एन्ड्युरन्स दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते, आणि शर्यतींच्या दुनियेत गाजलेल्या इटलीच्या ब्रेंबोचा दुचाकी ब्रेकचा कारखाना पुण्याजवळ आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या साध्या ब्रेकमागं बरंच डोकं खर्ची पडलेलं असतं. तो ‘स्टॉक’ आहे म्हणून कमअस्सल समजू नये.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा अर्थ पक्का केला. त्याच मापाचे चांगले पॅड, ऑइल किंवा डिस्क घालणं ही देखभाल झाली. वेगळे कॅलिपर, वेगळ्या मापाच्या डिस्क आणि त्यासाठी बदललेली चाकं हा बदल ठरू शकतो. तो करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. विम्याचंही तसंच. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर झालेलं नुकसान आपल्याच खिशातून जाणार, हे धरूनच जावं.

समृद्धीवर कारची वेगमर्यादा १२० आहे. रस्ता १५० साठी आखलेला आहे, हे वाक्य पारावर फार ऐकू येतं. आखणी वळणांची आणि चढउतारांची झालेली असते, तुमच्या टायरची नाही. १५० वरून थांबायला ७१ ऐवजी १११ मीटर लागतात, तेही कोरड्या रस्त्यावर, नव्या टायरवर आणि चालक पूर्ण जागा असताना.

पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला टाकाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? कॅलिपरच्या पिना सरकतात का? टायर कुठल्या सालचे आहेत? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत लाल कॅलिपरचा विचार बाजूला ठेवा.